मी न केलेली सही

आमच्या नात्यात कुणाच्याही लग्नात चार बायका एकत्र बसल्या की माझ्या होडीची गोष्ट निघतेच. "हिच्या हट्टापायी बापसाची नोकरी गेली," असं कुणीतरी म्हणतं आणि सगळ्या माझ्याकडे बघतात. निदान आता तरी ही खाली मान घालील म्हणून. मी शांतपणे जिलबी खात असते. नोकरी गेली हे खरं आहे. हट्ट माझा होता हेही खरं आहे. पण ही माणसं गोष्ट अर्धीच सांगतात, आणि सांगणाऱ्यांपैकी एकजणही कधी होडीत बसलेली नाही. म्हणून साठीला टेकल्यावर मीच ती पुरती लिहायला बसले आहे. यात पश्चात्ताप सापडेल म्हणून कुणी वाचणार असेल, तर त्याने वेळ फुकट घालवू नये.

गिरणी बंद पडल्यावर आम्ही लालबाग सोडून पवईला आलो. बाबा साचेखात्यात होते, मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. थोरली बहीण लग्न होऊन कणकवलीला गेली होती. म्हणजे आम्ही तिघंच. आईच्या एका चुलतभावाने तलावावरच्या एका लहानशा क्लबात बाबांना वॉचमन म्हणून चिकटवलं. गळ टाकून मासे धरणाऱ्या साहेबलोकांचा क्लब होता तो, आता नाही. पत्र्याची एक शेड, पाण्यात खांबांवर उभी केलेली पाच माचाणं, निळा रंग दिलेल्या दोन चांगल्या होड्या आणि जलपर्णी काढायला ठेवलेली एक जुनी, सपाट बुडाची, एका वल्ह्याची होडी. साहेबलोक शनिवारी दुपारी यायचे, रविवारी दिवसभर माचाणावर टोप्या घालून बसायचे. बाकीचे दिवस तिथे बाबा आणि बगळे. बाबांचं काम राखणीचं, आणि त्याबरोबर माचाणांभोवती माजलेली जलपर्णी होडीतून जाऊन उपसायची, नाहीतर साहेबांचे गळ अडकत. आता अडचण अशी होती की बाबा अगदी सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावचे. पावसाळ्यात ओहोळ गुडघाभर आला तर यांचा जीव घाबरा व्हायचा. पोहता येतं का, हे नोकरी देताना कुणी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

आई मात्र खाडीकाठची. तिचं माहेर असं होतं की दुकानात जायचं तर होडी आणि लग्नाला जायचं तरी होडी. क्लबला तिचा उपयोग निराळ्याच कामी झाला. गळाला लावायचं पीठ, त्याला साहेबलोक चारा म्हणत, ते आई मळायची. शेंगदाण्याची पेंड, भाजलेली मेथी, गूळ, हिंग, आणि कसलंतरी एक मूळ ती आणायची कुठूनतरी, विचारलं तर सांगायची नाही. शुक्रवारी संध्याकाळपासून बैठ्या चाळीतली आमची ती एकच खोली नुसती घमघमायची. माझ्या शाळेच्या ब्लाऊजला तो वास होता, वह्यांना होता. वर्गात मुली विचारायच्या, तुमच्याकडे रोज लाडू करतात का गं? आमच्याकडे रोज पेज आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, फार तर कुळथाची पिठी. तलावातला रोहू आम्हाला कुणी फुकट दिला असता तरी आईने तो चुलीवर चढवला नसता. "चिखल खाणारो मासो तो," ती नाक मुरडून म्हणायची, "तेका गूळ लागता, हिंग लागता. आमच्या खाडीतले मासे असले लाड करून घेत नाय." आणि मळत राहायची. दुपारी बारा वाजता डोंगरातल्या खाणीत सुरुंग उडायचे, मांडणीवरची भांडी एकदम झणझणायची आणि आई न थांबता म्हणायची, "झाले बारा."

होळीच्या सुमारास जलपर्णी इतकी माजली की दोन माचाणांना पाणीच दिसेना. बाबा काठावरून बांबूने ओढायचे, हाताला येईल तेवढी. क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी दोनदा बोल लावले. त्या रात्री जेवताना आईने भाताचं भांडं बाजूला सारलं, मला पाटावर बसवलं, कपडे वाळत घालायची काठी हातात दिली आणि चुलीपुढच्या जमिनीवरच मला वल्हवायला शिकवलं. "वल्हां पाण्याक मारू नको. पाणी धर आणि मागे सोड. खांद्याने नाय गो, कमरेतून!" मी पाटावर कमरेतून वळत होते आणि बाबा घास हातात धरून बघत होते. शेवटी आईने सगळ्यात मोठी शिकवण दिली. "होडी चिखलात रुतलीच तर खाली उतरू नको. कमरेपर्यंत जाशील आत. गप बसान रव. भरती इली की होडी आपसूक उठता." बाबांनी मान डोलावली. मीही डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून माचाणांची जलपर्णी मी काढायला लागले. सकाळी शाळेच्या आधी तासभर, परीक्षा संपल्यावर तर मनाला येईल तेव्हा. बाबा काठावर उभे राहून मागावरच्या आवाजात ओरडायचे, "डावीकडे! अगो डावीकडे!" पहिल्या आठवड्यात मी गोल गोल फिरले, तळहाताला फोड आले, एकदा वल्हं हातातून सुटून लांब गेलं आणि पालथं पडून हाताने पाणी ओढत मी ते आणलं. मग जमलं. ते जमलं त्या क्षणाबद्दल मी फार लिहू शकणार नाही. एवढंच सांगते की तोवर मला कुणी कधी म्हटलं नव्हतं की तुला हे छान येतं, आणि आता ते पाणी म्हणत होतं. माचाणं लख्ख झाली. सेक्रेटरी साहेब बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "परब, आता कसं!" बाबा घरी येऊन ते आम्हाला सांगताना हसले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मे महिन्यात तलाव ओसरला. आता मी जाते तेव्हा तिथे फिरायचा रस्ता आहे, बाकं आहेत, काठाने इमारती उभ्या आहेत आणि त्या इमारतींतली माणसं 'लेक व्ह्यू' म्हणून खिडकीतून बघतात. तेव्हा पलीकडच्या अंगाला काय आहे ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. नुसती हिरवी रेघ दिसायची. मी रोज माचाणाखालची पानं उपसायची आणि त्या रेघेकडे बघायची. एका मंगळवारी पानं उपसून झाली, बाबा शेडच्या सावलीत डोळा लागून बसले होते, आणि मी होडीचं तोंड वळवलं. पळून गेले असं लोक म्हणतात. मी पळाले नाही. काम संपवून गेले.

मधलं पाणी इतकं गप होतं की वल्ह्यावरून ठिबकणारे थेंब ऐकू येत होते. पाणकावळे खांबांवर पंख पसरून बसले होते, ते उडालेही नाहीत. पलीकडे गेल्यावर हिरवी रेघ फुटून तिच्यातून वाटा निघाल्या, कमळाच्या पानांतून, गवताच्या बेटांतून. पाणी उतरल्यामुळे एक दगडी बांध उघडा पडला होता, शेताचा असावा तसा, सरळ पाण्यातून बाहेर येणारा आणि पुन्हा पाण्यात जाणारा. त्याच्या टोकाला एका जुन्या झाडाचं खोड आणि खोडाशेजारी एक फुटकं जातं. म्हणजे इथे कुणाचंतरी घर होतं. कुणीतरी बाई इथे दळत होती, आणि वर आता मी होडी घेऊन उभी. अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले. तेवढ्यात बांधावरून काहीतरी सरकून पाण्यात गेलं. चाळीत सगळे म्हणायचे तलावात मगर आहे, आणि सगळे म्हणायचे आपण पाहिलीय. मी शेपटी पाहिली. तेवढी पुरली.

घाईने वळताना होडी उथळात गेली आणि चिखलात बसली. वल्ह्याने रेटलं तर वल्हंच हातभर आत. उतरायचं तर मगर. मग मला आईची शिकवण आठवली आणि अगदी हायसं वाटलं. मी वल्हं आडवं ठेवलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि भरतीची वाट बघत बसले. हसा. मुंबईत जन्मलेली, दहावीची परीक्षा दिलेली, भूगोलाचा पेपर चांगला गेलेली मुलगी तलावात भरतीची वाट बघत तीन तास बसली होती. होडीशेजारी चिखलात एक काडी उभी रोवून ठेवली होती, पाणी किती चढलं ते बघायला. बारा वाजता खाणीचे सुरुंग उडाले, पाण्यावर बारीक शहारा आला, तर मला वाटलं आली भरती! घरात खाडीचं ज्ञान इतक्या भरवशाने वापरलं जायचं की गोड्या पाण्याला ते लागू नाही हा विचार आमच्यापैकी कुणालाच शिवला नव्हता. बाबांनीही मान डोलावली होती ना.

नेमके त्याच दिवशी सेक्रेटरी साहेब पाहुण्यांना तलाव दाखवायला दुपारी आले. निळ्या होडीतून त्यांच्या ड्रायव्हरने आणि एका पाहुण्याने येऊन मला दोरीने ओढून काढलं. काठावर बाबा उभे होते, हात जोडलेले. ते जोडलेले हात मला अजून दिसतात. मगरीपेक्षा जास्त भीती मला त्यांची वाटली.

"ही काय चौपाटी आहे का?" साहेब म्हणाले. "कोणी सांगितलं तुला होडीला हात लावायला?"

मी बाबांकडे बघितलं. होळीपासून मीच होडी चालवतेय, तुमची माचाणं मी साफ केलीत, हे जिभेवर आलं होतं. पण ते बोलले असते तर वॉचमनला होडी चालवता येत नाही हे कळलं असतं आणि बाबांची नोकरी तिथल्या तिथे गेली असती.

"परब, मुलगी वाया चाललीय तुमची. शुक्रवारपर्यंत तिच्याकडून हमीपत्र पाहिजे मला. 'माझी चूक झाली, मी माफी मागते, यापुढे क्लबच्या होडीत पाय ठेवणार नाही.' खाली तिची सही. नाहीतर तुम्ही दुसरीकडे काम बघा."

"देतो साहेब," बाबा म्हणाले.

"मी नाही देणार," मी म्हणाले.

घरी आल्यावर आईने आधी माझ्या पायाचा चिखल धुतला, मग पाठीत एक धपाटा घातला आणि मग भरतीचं ऐकून पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबा हसले नाहीत. तीन दिवस तो एकच विषय. "एक कागद तो," बाबा म्हणायचे, "कागदान काय अंगाक भोकां पडतत?" मी म्हणायची, सही करून वर पुन्हा जलपर्णी काढायला मलाच पाठवणार ना तुम्ही? चोरून? "माझ्यासाठी कर," असं बाबा एकदा म्हणाले, हळू आवाजात, आणि हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. मी त्या रात्री रडले. पण सही केली नाही. करायलाच हवी होती, असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. पंधरा वर्षांच्या पोरीने बापाची भाकरी बघायला नको? बघितली मी. ती भाकरी मी कमावत होते, आणि तेच काम माझी चूक म्हणून साहेब मला लिहून द्यायला सांगत होते.

शुक्रवार आला आणि गेला, काही झालं नाही. शनिवारी बाबा कामावर गेले. मला वाटलं साहेब विसरले. रविवारी सकाळी आईने चाऱ्याचा डबा माझ्या हातात दिला, बाबा तो घरीच विसरले होते. शेडमध्ये सगळे सभासद जमले होते, चहा चालला होता. भिंतीवर नोटीस बोर्ड होता, त्यावर एरवी कुणी किती किलोचा कटला मासा धरला ते लावलेलं असायचं. त्याच्या मधोमध एक रेघी कागद टाचला होता. माझी चूक झाली. मी माफी मागते. खाली माझं नाव. अक्षर बाबांचं.

इथे मला एक सांगायला हवं. संपाच्या वेळी गिरणीवाल्यांनी असाच एक कागद कामगारांपुढे ठेवला होता. चूक झाली, यापुढे शिस्तीने वागेन, असं लिहून द्यायचं आणि आत यायचं. आमच्या चाळीतल्या पुष्कळांनी दिलं, पोरंबाळं होती, त्यांना दोष नाही. बाबांनी दिलं नाही. घरातले डबे एकेक करून रिकामे झाले, आईच्या बांगड्या गेल्या, तरी दिलं नाही. आणि त्या हाताने आता माझ्या नावाने हे लिहिलं होतं. मला राग आला म्हणणं खोटं होईल. मला त्यांची लाज वाटली, आणि लाज वाटली याचं त्याहून वाईट वाटलं.

मी टाचणी काढली आणि कागद हातात घेतला. "साहेब, ही सही माझी नाही. मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही."

साहेब उठले. "तुझी नाही? मग कोणाची आहे?"

बाबा दारात होते, खाकी शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. साहेबांशी बोलताना ते नेहमी पुस्तकातली मराठी काढायचे, जपून, घाबरत घाबरत. त्या दिवशी ते घरात बोलायचे तसं बोलले, आणि मागावरच्या आवाजात.

"ती सही माझी आसा. तिका न इचारता केलंय. तिचो काय दोष नाय. आणि आणखी एक सांगतंय. होळीपासून ह्या माचाणाखालची पानां तिना काढल्यान. माका पाण्याचा भय वाटता. मी त्या होडीत अजून पाय ठेवूक नाय."

"म्हणजे इतके महिने तुम्ही क्लबला फसवलंत?"

"व्हय," बाबा म्हणाले.

एक म्हातारे सभासद कप खाली ठेवून म्हणाले, "अहो, मग पोरीलाच ठेवा ना कामावर." दोघंतिघं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि बाबांनी त्यात किल्ल्या ठेवल्या. मग शर्टाची बटणं काढली, शर्ट क्लबचा होता, तो नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. माझ्या हातातला कागद घेतला, चार तुकडे केले आणि बनियनला खिसा नव्हता म्हणून मुठीतच धरले.

"चारा तरी ठेवून जा," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाय," बाबा म्हणाले. "डबो घे गो."

पुढे काय झालं ते नात्यातले सांगतात तसंच आहे. पावसाळाभर घरात ओढाताण झाली. आई चार घरी भाकऱ्या करायला गेली, माझं कॉलेज एक वर्ष उशिरा सुरू झालं, बाबांना शेवटी साकीनाक्याला एका गोदामावर काम मिळालं, तेही रात्रपाळीचं. हे सगळं माझ्यामुळे झालं. मी ते सोसलं, त्यांनीही सोसलं, आणि आमच्या घरात त्याबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलतात ते बाहेरचे.

पण त्या रविवारचं एक राहिलं. शेडमधून आम्ही बाहेर पडलो ते भर उन्हात, मोठ्या रस्त्याने. बाबा बनियनवर, मी मागे डबा घेऊन. वाटेत ओळखीचे लोक भेटत होते, थबकून बघत होते. मला वाटत होतं आता बाबा बोलतील, आता रागावतील. मग ते थांबले, मी बरोबरीला येईपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "तू चुकलंस काय?"

"नाय."

"मगे सांग. थंय पलीकडे काय होतां?"

मी सांगायला लागले. बांध सांगितला, जातं सांगितलं, मगरीची शेपटी होती त्याहून थोडी मोठी करून सांगितली. ते "हां" आणि "मगे?" म्हणत चालत राहिले. मी हात पसरून वल्हवायचं दाखवत होते, रस्त्यावरची माणसं बघत होती, एका बाईने तर पोराला आपल्याजवळ ओढून घेतलं. मी आवाज आणखी चढवला.